मुलाला प्रार्थना कुठल्या भाषेत शिकवायच्या? (पहिला कम्युनियन, सासूबाई आणि आठची जपमाळ)

वाडीवरची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही वसईचे, कुपारी (इथला कॅथलिक समाज). घरात सासूबाई, नवरा, मी, नऊ वर्षांचा मुलगा आणि पावणेदोन वर्षांची मुलगी. मी अंधेरीला नोकरी करते. संध्याकाळची विरार पकडून घरी यायला साडेसात होतात. आठ वाजता जपमाळ, हा सासऱ्यांच्या वेळचा नियम. ते गेले, नियम राहिला.

येत्या महिन्यात मुलाचा पहिला कम्युनियन आहे, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा सोहळा. गेलं वर्षभर रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) तो धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातो. आमच्या चर्चमध्ये मराठी आणि इंग्रजी असे दोन गट आहेत. शाळा इंग्रजी माध्यमाची, मित्र इंग्रजी गटात, म्हणून मीही त्याला तिकडेच घातलं. खरं सांगायचं तर फारसा विचार केला नव्हता. नाव नोंदवताना तिथल्या शिक्षिका म्हणाल्या, "मराठी गटातले शब्द मुलांना जड जातात हो," आणि मी मान डोलावली.

मागच्या रविवारी सासूबाई ओटीवर देवळात न्यायच्या फुलांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मुलाला म्हणाल्या, "म्हण बघू, काय काय शिकलास." त्याने इंग्रजीतून सगळं धडाधड म्हणून दाखवलं, विरार फास्ट सुटते तसं. प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, पश्चात्तापाची प्रार्थना, दहा आज्ञा. कुठेही अडखळला नाही. मला वाटलं आता शाबासकी मिळेल. त्यांनी हातातला दोरा तोडला आणि म्हणाल्या, "आता आपलं म्हण."

"नमो मरिये, कृपापूर्णे" इथवर गाडी आली आणि थांबली. पुढे काही येईना. वर त्याने विचारलं, "आजी, ही कृपा पुण्याला राहते का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. रात्री मासळी साफ करता करता मला म्हणाल्या, "तो देवाकडे काय मागतो ते मला कळत नाही." बस, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर प्रश्न असा. आता महिनाभरात त्याला मराठीतून पुन्हा सगळं शिकवू का? तिसरी भानगड म्हणजे आम्ही घरात बोलतो कादोडी. ती ना चर्चमधली मराठी, ना शाळेतली इंग्रजी. बाकीच्या आया काय करतात?

---

निळी_छत्री

वाचतेय. कृपा पुण्याची :)

---

पानमळा

अगं, तू तर माझ्याच घरातलं लिहिलंस. मी नंदाखाल भागातली. मुलं आता कॉलेजात. मोठी मराठी गटात होती, धाकटा इंग्रजी. दोघांनाही आज सगळं येतं आणि दोघंही जपमाळेच्या वेळी फोन घेऊन बसतात, त्यामुळे फार टेन्शन घेऊ नकोस.

पण तुझ्या सासूबाई जे बोलल्या ना, ते मला लागलं. एक आठवण सांगते. धाकट्याच्या वेळी मला चौदा तास कळा चालू होत्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, ऑफिसात दिवसभर इंग्रजी झाडणारी. पण शेवटच्या दोन तासांत तोंडातून इंग्रजीचा एक शब्द निघाला नाही. नमो मरिये म्हणत होते, तेही अर्धं मराठी अर्धं कादोडी, आणि मध्येमध्ये नवऱ्याला शिव्या. शेजारच्या खाटेवर एक मारवाडी बाई होती. ती नंतर मला म्हणाली, तुमचा मंत्र ऐकून मला पण धीर आला.

माणूस घाबरला की कुठल्या भाषेत हाक मारतो, तेवढंच बघ. मुलाला ती भाषा तू देऊ शकतेस. बाकीचं वर्गात देतीलच.

जपमाळेबद्दल व्यवहाराचं सांगायचं तर आम्ही पाच रहस्यं (दहा-दहा नमो मरियांचे पाच भाग) पाच जणांत वाटून घेतो. एकट्या आजीने सांगायचं आणि बाकीच्यांनी पेंगत उत्तर द्यायचं, हा प्रकार बंद केला. एक रहस्य मुलाचं. ते त्याने मराठीत सांगायचं. दहाच वेळा म्हणायचं असतं, आणि दहा वेळा रोज म्हटलं की पंधरा दिवसांत तोंडात बसतं. पाढे कसे बसले आपल्या?

---

वाडीवरची

@पानमळा, नवऱ्याला शिव्या :D हे सासूबाईंना वाचून दाखवणार नाही.

एक रहस्य मुलाकडे द्यायची कल्पना आवडली. अडचण अशी की पावणेदोन वर्षांची बाई जपमाळ चालू झाली की मणी ओढते. परवा तिसऱ्या रहस्यात माळच तुटली. मणी पलंगाखाली. सासूबाईंनी बोटांवर मोजून पुरी केली.

---

साताऱ्याची_सून

मी जन्माने ख्रिस्ती नाही. माहेर सातारा, लग्न वसईत. नवरा मर्चंट नेव्हीत, वर्षातले सात-आठ महिने बोटीवर.

आमचं लग्न चर्चमध्ये झालं तेव्हा बिशपांची परवानगी काढावी लागली. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवायचा आपल्याकडून होईल तेवढा प्रयत्न करीन, असं वचन नवऱ्याने दिलं. मला ते फक्त वाचून समजावून सांगितलं. जुन्या काळी दोघांकडूनही लिहून घ्यायचे म्हणे. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेत वचन फक्त कॅथलिक जोडीदाराचं. म्हणजे सही त्याची आणि काम माझं. तो समुद्रावर, जपमाळ शिकवतेय मी!

आणि मी शिकवू कुठल्या भाषेत? मला येते मराठी. लग्नानंतर सासूने एक जुनं प्रार्थनापुस्तक दिलं, पानं पिवळी पडलेली, आत कुणाकुणाच्या मृत्यूची स्मरणपत्रं. त्यातून मी शिकले. माझ्या मुलीला "कृपापूर्णे" समजावताना मी सरळ सांगितलं, आपण अन्नपूर्णा म्हणतो ना, तसं कृपापूर्णा. तिला हाक मारली की कृपापूर्णे. तिला एका झटक्यात समजलं. सासूबाईंनी जरा भुवई वर केली, पण नाही म्हणाल्या नाहीत.

तेव्हा शब्द जड आहेत हे मला पटत नाही. सातवीआठवीत जे निबंध लिहून घेतात त्यापेक्षा कितीतरी सोपे आहेत.

---

तर्कटराव

नऊ वर्षांच्या मुलाला समजत नसलेल्या ओळी कुठल्याही भाषेत घोकायला लावणं हाच मूळ प्रॉब्लेम आहे असं कुणालाच वाटत नाही का? अठरा वर्षांचा झाला की ठरवेल त्याचं तो.

---

पानमळा

@तर्कटराव, अठरा वर्षांचा झाल्यावर जेवण पण तोच ठरवणार आहे. तोवर आम्ही भात वाढतो.

---

तर्कटराव

भात आणि श्रद्धा एकच? बरं. आणि मुळात ही सगळी पोर्तुगीजांनी...

---

संपादक

तर्कटराव, धाग्याचा विषय मुलाला प्रार्थना कुठल्या भाषेत शिकवायच्या हा आहे. पोर्तुगीज आणि धर्मांतर यांवर इतिहास विभागात आधीच तीन धागे आहेत. तिकडे जावं ही विनंती. इथले पुढचे अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

---

कुवेतचा_मामा

वसईकर, सध्या कुवेत. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणून रविवारची मिस्सा शुक्रवारी आणि धर्मशिक्षणही शुक्रवारी. वर्गात मल्याळी, मंगळुरी, गोवेकर, फिलिपिनो, लेबनीज. भाषा अर्थातच इंग्रजी. मराठी गट वगैरे चैन नाही.

मुलीच्या कम्युनियनच्या आधी माझ्या आईचं हेच सुरू होतं. मग आम्ही एक केलं. वसईत रात्रीचे आठ म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच. तेव्हा व्हिडिओ कॉल लावायचा आणि आईबरोबर जपमाळ म्हणायची. नेट अडकलं की आईचं तोंड उघडं राहून स्थिर होतं आणि मुलं खिदळतात. आवाज मागेपुढे होतो, त्यामुळे आम्ही "पवित्र मरिये" म्हणेपर्यंत ती पुढच्या मण्यावर गेलेली असते. पण दीड वर्ष झालं, चालू आहे. मुलगी आता आजीशी कादोडीत भांडते सुद्धा.

वाडीवरची, तुमच्याकडे तर आजी त्याच घरात आहे. तुम्ही शिकवूच नका. त्यांना शिकवू दे.

---

श्रीरामपूरकर

राग मानू नका, पण धागा वाचून थोडं हसू आलं. वसईकरांना तीन भाषांतून एक निवडायची चैन आहे.

आमच्याकडे नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) प्रश्नच आला नाही. घरात मराठी, शाळेत मराठी, मिस्सा मराठी, भांडण मराठी. सप्टेंबरात हरेगावला मतमाऊलीची (मरियामातेची) यात्रा भरते, तिथे येऊन बघा. लोक टेम्पो भरभरून येतात, पायी येतात. पेटी, ढोलकी, टाळ. माझी आई जी गाणी म्हणायची ती ओवीच्या चालीवर. जात्यावर म्हणायची तीच चाल, फक्त नाव मरियेचं. तिला सही करता येत नव्हती. पण चौदा ठाण्यांची क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसाकडच्या प्रवासाची प्रार्थना) तोंडपाठ. उपवासकाळातल्या शुक्रवारी चर्चमध्ये जायला जमलं नाही तर ती शेतातच खुरपत खुरपत म्हणायची. एका सरीला एक ठाणं.

आमच्यात "शब्द जड आहेत" असं कुणी म्हणालं नाही, कारण दुसरे शब्दच नव्हते. आता माझी मुलं पुण्यात इंग्रजी शाळेत आहेत आणि मीही त्याच रांगेत उभा आहे, म्हणून हा उपदेश नाही. पण एक खरं की इंग्रजी गटात मुलगा घातला की आपण थोडं वर सरकलो असं वाटतं. मला वाटलं होतं. तुम्हाला वाटलं का, ते तुमचं तुम्ही बघा.

---

वाडीवरची

@श्रीरामपूरकर, राग नाही आला. लागलं मात्र. हो, वाटलं होतं. कम्युनियनच्या फोटोत इंग्रजी गटातल्या मुलांचे आईवडील जरा... असो. तुम्ही बरोबर बोट ठेवलंत.

---

फुकटचा_सल्ला

फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण...

---

निळी_छत्री

आलं! मी पैज लावली होती की वीस प्रतिसादांच्या आत येणार.

---

फुकटचा_सल्ला

अहो, पुरतं बोलू तर द्या. मुद्दा भाषेचं कौतुक हा नाहीच. मुद्दा असा की तो माणूस मुलांसाठी, नव्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहीत होता. त्यांच्या हातातली जुनी पुराणं गेली होती आणि नुसत्या प्रश्नोत्तरांच्या पाठांतराने त्यांचं मन भरत नव्हतं. ऐकायला गोष्ट हवी होती, लयीत. म्हणून त्याने ओवी घेतली. आणि छापलं मात्र रोमन लिपीत! म्हणजे तेव्हाही लिपी एक, भाषा दुसरी, घरातली बोली तिसरी. वाडीवरचीताईंच्या घरात जे चाललंय ते चारशे वर्षं चाललंय.

त्या पोराला पाठांतराऐवजी गोष्ट सांगा एवढंच म्हणायचं होतं.

---

मांडवीकांठ

मी गोव्याची, लग्न होऊन ठाण्यात. आमच्याकडे जपमाळेला तेर्स म्हणतात. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की खेळ टाकून घरात. तेर्स संपला की मुलांनी एकेका मोठ्याकडे जाऊन बेसांव मागायचं, म्हणजे आशीर्वाद. हात जोडून आईकडे, बाबांकडे, आजीकडे, पाहुणे असतील तर त्यांच्याकडेही. भांडण झालेलं असलं तरी बेसांव चुकवायचं नाही. मी आणि माझी बहीण दिवसभर एकमेकींच्या झिंज्या उपटायचो आणि रात्री ती मोठी म्हणून मला तिच्याकडेही जावं लागायचं! काय संताप यायचा.

माझ्या मुलांना कोकणी धड येत नाही. तेर्स इंग्रजीत होतो, खोटं का बोलू. पण बेसांव कोकणीत मागतात. तेवढा एक शब्द मी सोडला नाही. कुणाला कमी वाटेल, मला पुरतो.

आणि मे महिन्यात वाटेवरच्या क्रूसासमोर लदीन (सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना) असायची, नंतर उकडलेले चणे वाटायचे. आम्ही मुलं सगळी प्रार्थना त्या चण्यांच्या वासावर म्हणायचो. पाठांतराला लाच चालते, हे शाळेतल्या सिस्टरांना कधी कळलं नाही.

---

जुनी_पेटी

सगळे तरुण लोक बोलताहेत, एका म्हाताऱ्याचं ऐका. माझा जन्म १९५२ चा, गाव वसई तालुक्यातलं. मी आठव्या वर्षापासून मिस्साला सेवक होतो. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभे. ते काहीतरी म्हणत आणि आम्ही पोरं उत्तर देत असू, "एत् कुम् स्पिरितू तुओ". अर्थ? तो फादरांनाच ठाऊक. आम्हाला एवढंच माहीत की इथे घंटी वाजवायची, इथे उठायचं. माझा मित्र "मेआ कुल्पा"ला छातीवर एवढ्या जोरात मारायचा की मागच्या बाकावरच्या बायका हसायच्या.

मग १९६२ ते १९६५ ती व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर हळूहळू मिस्सा मराठीत आली. आज तुम्हाला वाटेल सगळे खूश झाले असतील. छे! माझी आजी आठवडाभर धुसफुसत होती. म्हणाली, "बाजारात केळ्यांचा भाव करायचा त्याच भाषेत आता देवाशी बोलायचं?" तिच्या मते देवाची भाषा लॅटिन. आणि गंमत म्हणजे घरी जपमाळ ती स्वतः मराठीतच म्हणायची, फक्त लितानी (एकेक नाव घेऊन करायची विनवणी) आली की तिचं "ओरा प्रो नोबीस", म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. कुणी बदलायला सांगितलं तर माळ खाली ठेवायची. १९७८ मध्ये वारली. शेवटच्या दिवशी आम्ही खाटेभोवती बसून मराठीतून लितानी म्हणत होतो आणि ती डोळे मिटून, ओठ हलवत, एकेका नावाला ओरा प्रो नोबीस, ओरा प्रो नोबीस. आम्ही सगळे मग तिच्याबरोबर तेच म्हणू लागलो. माझी आई, जिला लॅटिनचं एक अक्षर समजत नव्हतं, तीसुद्धा.

तेव्हा ताई, तुमच्या सासूबाईंना जे "आपलं" वाटतं ते त्यांच्या आजेसासूला कदाचित परकं वाटलं असतं. मी कुणाची बाजू घेत नाही. तुमचा मुलगा साठ वर्षांचा होईल तेव्हा त्याच्या नातवाला दटावेल, "आपलं म्हण" आणि इंग्रजीतून म्हणून दाखवेल! तेव्हा मी नसणार, म्हणून आताच हसून घेतो.

---

साताऱ्याची_सून

काका, शेवटच्या दिवसाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसात बसलेय.

---

पानमळा

काका, १०० नंबरी. फक्त एक. लॅटिन कुणाच्याच घरातली नव्हती. मराठी निदान शेजाऱ्याची तरी आहे. माझी आई डोक्यावर फुलांची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायची. लाल लुगडं नेसलेल्या सगळ्या एका डब्यात. तिथे त्या काय करायच्या माहितीये? डब्यातच जपमाळ. शेजारी भजनी मंडळाचे टाळ चालू, इकडे नमो मरिया. कुणी कुणाला थांबवलं नाही, कारण दोघांचंही एकमेकांना समजत होतं. इंग्रजीत म्हटली असती तर ती त्या डब्यातली राहिली नसती.

---

तर्कटराव

हे शेवटचे तीन प्रतिसाद आवडले. (अवांतर नाही, उडवू नका.)

---

नवी_आई_२

जरा वेगळा प्रश्न, इथेच विचारते. माझी मुलगी दीड महिन्याची. बाप्तिस्मा ठरवतोय. सासरचे म्हणतात आईने त्या दिवशी चर्चमध्ये यायचं नसतं, धर्ममाता बाळ घेऊन जाते. असं काही आहे का?

---

जुनी_पेटी

पूर्वी तसंच असे. नियम म्हणून नव्हे, बाळ जन्मल्यावर आठवड्याच्या आत बाप्तिस्मा उरकायचे, कारण मुलं दगावायची. तेव्हा आई बाळंतिणीच्या खोलीत. मग धर्ममाता न्यायची. पुढे त्याची चाल पडली. आता तर संस्कारात आईवडिलांना प्रश्न विचारतात, त्यांनी उत्तरं द्यायची असतात. तू नसशील तर उत्तर कोण देणार? जा बिनधास्त, आणि पुढच्या बाकावर बस.

---

नवी_आई_२

धन्यवाद काका. हा प्रतिसाद स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकलाय. बघू काय होतं ते.

---

वाडीवरची

पाच आठवड्यांनी परत आलेय. उशिराबद्दल माफी. सर्वांचे प्रतिसाद वाचले, काही सासूबाईंना वाचून दाखवले (शिव्या वगळून).

कुवेतच्या मामांचं ऐकलं. मी शिकवलंच नाही, त्यांच्यावर सोपवलं. शनिवारी सकाळी मुलाला घेऊन त्या वाडीत गेल्या, मी मागून मुलीला कडेवर घेऊन. त्याला जाम कंटाळा आला होता. दोन दिवसांत "कृपापूर्णे" सुटलं, पण तो अडकला पुढेच. येशूबद्दल जी "तुझ्या पोटचे फळ" अशी ओळ आहे ना, तिथे. त्याने विचारलं, "पोटाला फळ कसं लागेल?"

इंग्रजीतून वर्षभर तेच म्हणत होता बरं का. तेव्हा कधी विचारलं नव्हतं. कारण तिथे तो नुसता आवाज होता.

सासूबाईंनी उत्तर दिलं नाही. त्याला एका केळीजवळ नेलं. ती आदल्याच दिवशी निसवली होती. वरून तांबडंजांभळं बोंड डोकावत होतं. एक जुनी, घड उतरवलेली केळ शेजारीच आडवी पडली होती. त्यांनी कोयत्याने तिचा बुंधा मधोमध उभा चिरला आणि त्याला आत बघायला लावलं. सोपटं एकावर एक, आणि ऐन मध्ये पांढरा, गार दांडा. म्हणाल्या, "घड वरून लागत नाही. इथून, बुडातून निघतो, पोटातून वर चढतो, आणि मग बाहेर येतो. बाहेर यायच्या आधी कुणाला दिसत नाही. पण केळीला ठाऊक असतं." त्याने त्या दांड्याला बोट लावून बघितलं. बराच वेळ.

मी मागे उभी होते. दोन बाळंतपणं झाली माझी, पण ती ओळ मी अशी कधी ऐकली नव्हती.

मग अर्थातच पुढचा प्रश्न. "आणि घड निघाल्यावर केळ का कापतात?" सासूबाई म्हणाल्या, एकदा व्याली की तिचं काम झालं, परत घड धरत नाही. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मला म्हणाला, "आई, तुला?" मी काही बोलायच्या आत त्यांनी बुंध्याशी फुटलेले मुनवे दाखवले. एक कमरेएवढा, एक वीतभर. "हा तू, ही ती," म्हणाल्या, माझ्या कडेवरच्या बाईकडे बोट करून. "आणि ही कुठे जात नाही एवढ्यात, तिला सव्वासातची गाडी पकडायची आहे."

कम्युनियन मागच्या रविवारी झाला. इंग्रजी गटातच, सगळ्या मित्रांबरोबर, ते बदललं नाही. आदल्या आठवड्यात सरावाला वर्गात अभिषेक न झालेली ओस्ती (ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती) देतात, ती टाळूला चिकटली म्हणून घाबरला होता. प्रत्यक्षात नीट पार पडलं. घरी इंद्याल (मसालेदार मांस), फुगे (तळलेले, खायचे), आणि केक जो मुलीने आधीच बोटाने चाखला.

रात्री आठला जपमाळ. पाहुणे होते, पंधराएक माणसं, ओटीवर बसायला जागा नाही. चौथं रहस्य त्याचं. मराठीतून म्हणाला. सातव्या नमो मरियेला चुकला, आठव्याला सावरला. सासूबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या, समोर तसबिरीकडे बघत होत्या, पण माळेवरचा त्यांचा अंगठा त्याच्यासाठी थांबला होता.

लितानीला आम्ही मोठे "आम्हासाठी विनंती कर" म्हणत होतो. आणि कुठून कोण जाणे, आमचा मुलगा मोठ्याने म्हणाला, "ओरा प्रो नोबीस!" जुनी_पेटी काका, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवताना तो शेजारीच गृहपाठ करत होता. आता रोज तेच चालू आहे. सासूबाई म्हणतात, हे कुठून शिकला हा?

---

जुनी_पेटी

:) त्याला सांगा, उच्चार "ओरा", "ओहरा" नाही.